दूरध्वनी तारमार्गातील दोषशोधन

दूरध्वनी केंद्रापासून ग्राहकाच्या घरापर्यंत जाणाऱ्या तारांच्या जोडीत निर्माण झालेला दोष कोणत्या प्रकारचा आहे व तो कोणत्या ठिकाणी आहे, हे मुख्यतः तारेच्या टोकाशी केलेल्या मापनांवरून ठरविण्याच्या क्रियेस दोषशोधन म्हणतात. तारमार्गाचा बहुतेक भाग जमिनीखाली, भिंतीत किंवा खांबावर असल्याने तो प्रत्यक्ष पाहून तपासणे शक्य नसते. त्यामुळे तंत्रज्ञास मापनयंत्रावर विसंबावे लागते. प्रत्येक यंत्र तारेत एका विशिष्ट प्रकारची विद्युत् पाठवून तारेचा एखादाच गुणधर्म मोजते. ज्या दोषाने तो गुणधर्म बदलत नाही, तो दोष त्या यंत्राला दिसत नाही. म्हणून ‘दोष आढळला नाही’ या निष्कर्षाचा अर्थ ‘या साधनाला दोष आढळला नाही’ एवढाच घ्यावा लागतो. तारायंत्र, दूरध्वनी व ब्रॉडबँड (विस्तृत कंप्रता पट्ट्याच्या साहाय्याने जलद माहितीवहन करणारी सेवा) असे तारेचे तीन उपयोग क्रमाक्रमाने पुढे आले. प्रत्येक उपयोगाबरोबर पूर्वी निरुपद्रवी असलेल्या काही गोष्टी दोष ठरल्या आणि त्या ओळखण्यासाठी नवी साधने निर्माण करावी लागली.

दोषांचे प्रकार : तारमार्गातील दोषांचे स्थूलमानाने पुढील प्रकार पडतात. एक किंवा दोन्ही तारा तुटणे. जोडीतील दोन तारा एकमेकींस चिकटणे. एखादी तार जमिनीशी किंवा केबलच्या धातूच्या आवरणाशी जोडली जाणे. शेजारच्या जोडीतील तारेशी स्पर्श होणे. निरोधनात (विजेची गळती रोखणाऱ्या आवरणात) ओल शिरणे. सांधा गंजून त्याचा रोध (विद्युत् प्रवाहास होणारा विरोध) वाढणे. जोडीतील दोन तारांचे विद्युत् गुणधर्म असमान होणे. आणि मुख्य मार्गास एखादा निरुपयोगी फाटा जोडलेला राहणे. यांपैकी पहिले चार प्रकार ठळक असून त्यांनी सेवा बहुधा पूर्ण बंद पडते किंवा संभाषणात स्पष्ट व्यत्यय येतो. उरलेल्या प्रकारांत सेवा चालू राहते, पण मधूनमधून खंडित होते. शोधण्यास हेच दोष सर्वांत कठीण असतात.

दोष ओळखण्यासाठी निर्दोष तारेची मूल्ये ठाऊक असावी लागतात. ०.५ मिमी. व्यासाच्या तांब्याच्या जोडीचा जाऊन-येऊन होणारा रोध दर किमी.स सु. १६८ ओहम असतो, तर दोन तारांमधील धारिता (विद्युत् भार साठविण्याची क्षमता) दर किमी.स सु. ०.०५ मायक्रोफॅराड असते. मार्गाची लांबी माहीत असल्यास या आकड्यांवरून अपेक्षित मापन काढता येते व प्रत्यक्ष मापन त्याच्याशी ताडून पाहता येते.

तारायंत्राचा काळ : दोषशोधनाच्या शास्त्राचा पाया तारायंत्राच्या काळात घातला गेला. रोधांची अचूक तुलना करण्याची जुळणी सॅम्युएल हंटर क्रिस्टी या ब्रिटिश गणितज्ञांनी १८३३ मध्ये मांडली. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८४३ मध्ये तिचे महत्त्व दाखवून दिल्यामुळे ती ‘व्हीटस्टन सेतू’ या नावाने प्रसिद्ध झाली. तथापि प्रत्यक्ष व्यवहारात मापनाला महत्त्व येण्यास एक मोठे अपयश कारणीभूत झाले.

आयर्लंडमधील व्हॅलेंशिया व न्यू फाउंडलंडमधील ट्रिनिटी उपसागर यांना जोडणारी अटलांटिक महासागराखालील पहिली तारायंत्र केबल ५ ऑगस्ट १८५८ रोजी पूर्ण झाली. व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश तिच्यातून पाठविण्यास सु. १६ तास लागले. केबलचे विद्युत् तज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस यांनी संकेत क्षीण येत असल्याचे पाहून प्रवर्तन वेटोळ्यांच्या साहाय्याने सु. २,००० व्होल्ट एवढा दाब केबलला दिला. केबलचे निरोधन मुळातच सदोष होते. उच्च दाबाने ते आणखी बिघडले आणि सप्टेंबरच्या आरंभीच अर्थपूर्ण संदेश येणे थांबले. याउलट विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांच्या आरसायुक्त गॅल्व्हानोमीटरने थोड्या विद्युत् घटांवर चालणारे अतिक्षीण प्रवाहही वाचता येत होते. जेथे संवेदनशील मापकाची गरज होती, तेथे जबरदस्त विद्युत् दाबाचा अवलंब झाला. साधनाच्या निवडीतील ही चूक अतिशय महाग पडली.

या व अन्य सागरी केबलींच्या अपयशाची चौकशी करण्यासाठी ब्रिटिश व्यापार मंडळ व अटलांटिक टेलिग्राफ कंपनी यांची संयुक्त समिती १८५९ मध्ये नेमण्यात आली व तिचे निष्कर्ष १८६१ मध्ये प्रसिद्ध झाले. केबलीच्या प्रत्येक भागाचे निर्मितीपासूनच मापन व्हावे, हा या चौकशीचा मुख्य धडा होता. व्यापारी तांब्याच्या नमुन्यांची संवाहकता एकमेकींहून पुष्कळच भिन्न असते, हे टॉमसन यांनी १८५७ मध्येच दाखविले होते. मापनांची तुलना करण्यास सर्वमान्य एककाची गरज होती. व्हेर्नर झीमेन्स या जर्मन अभियंत्यांनी १८६० मध्ये १ मी. लांब व १ चौ. मिमी. काटच्छेद असलेल्या ०° से. तापमानातील पाऱ्याच्या स्तंभाचा रोध हे एकक सुचविले. ब्रिटिश असोसिएशनने १८६१ मध्ये विद्युत् मानकांसाठी समिती नेमली आणि तिने ठरविलेल्या एककाची रोधवेटोळी १८६५ पासून वितरित होऊ लागली. ओहम या एककाचा आंतरराष्ट्रीय स्वीकार १८८१ च्या पॅरिस येथील परिषदेत झाला. अशा रीतीने विद्युत् मापनाच्या मानकांमागे प्रयोगशाळेइतकीच समुद्रतळाशी दडलेल्या दोषाचीही प्रेरणा होती.

दोषाचे अंतर काढण्याच्या दोन पद्धती या काळात रूढ झाल्या. त्यांपैकी एक इलेक्ट्रिक अँड इंटरनॅशनल टेलिग्राफ कंपनीचे अभियंते क्रॉमवेल फ्लीटवुड व्हार्ली यांच्या नावाने व दुसरी मरी यांच्या नावाने ओळखली जाते. दोन्ही पद्धतींत सदोष तारेच्या दूरच्या टोकास एक निर्दोष तार जोडून वळसा तयार करतात आणि हा वळसा व्हीटस्टन सेतूत घालतात. घटमालेचे एक टोक जमिनीस जोडलेले असल्याने प्रवाह दोषाच्या ठिकाणाहून वळशात शिरतो व दोन बाजूंना वाटला जातो. मरी पद्धतीत सेतूचे दोन बाहू बदलून समतोल साधतात. उदा., केबलीची लांबी ४ किमी. असल्यास वळसा ८ किमी. होतो. समतोलाच्या वेळी बाहूंचे गुणोत्तर १ : ४ आले, तर दोष ८ किमी.च्या एक-पंचमांशावर, म्हणजे १.६ किमी. अंतरावर असतो. दोषाचा स्वतःचा रोध घटमालेच्या शाखेत येत असल्याने त्यामुळे उत्तर बदलत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण होय. तिची उणीव अशी की, एक तरी निर्दोष तार उपलब्ध असावी लागते आणि तार तुटली असेल, तर वळसाच पूर्ण होत नाही.

भारतात विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये कलकत्त्याजवळ तारायंत्राचे प्रयोग केले व १८५४ मध्ये कलकत्ता, आग्रा व मुंबई यांना जोडणारा मार्ग सुरू झाला. १८७० मध्ये सुवेझमार्गे येणारी सागरी केबल मुंबईस पोहोचली. तिच्यामुळे सागरी केबलीवर दूरच्या टोकाकडून मापन करण्याची पद्धती महाराष्ट्राच्या किनाऱ्याशीही संबंधित झाली.

दूरध्वनीचा काळ : अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना १८७६ मध्ये दूरध्वनीचे एकस्व मिळाले. आरंभी तारायंत्राप्रमाणेच एक तार व परतीसाठी जमीन अशी रचना होती. तारायंत्रास जमिनीतील भटके प्रवाह फारसे बाधत नसत. दूरध्वनीत मात्र ते गोंगाटाच्या रूपाने ऐकू येऊ लागले आणि विद्युत् ट्रामगाड्या सुरू झाल्यावर हा त्रास असह्य झाला. त्यावर एकमेकींभोवती पीळ दिलेल्या दोन तारांचा मार्ग हा उपाय ठरला. बेल यांनी अशा जोडीचे एकस्व १८८१ मध्ये घेतले होते. बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच होतो व श्रवणयंत्रात त्याची वजाबाकी होते, हे तिचे तत्त्व आहे. मात्र दोन तारा विद्युत् दृष्ट्या समान असल्या, तरच ही वजाबाकी पूर्ण होते. त्यामुळे तारांमधील असमतोल हा एक नवा दोष जन्मास आला.

भारतातील पहिली दूरध्वनी केंद्रे १८८१-८२ च्या सुमारास मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे सुरू झाली. ग्राहकांची संख्या वाढल्यावर प्रत्येक तक्रारीसाठी माणूस पाठविणे परवडेनासे झाले व केंद्रात ‘टेस्ट डेस्क’ (परीक्षण मेज) ही सोय करण्यात आली. तेथील कर्मचारी ग्राहकाची जोडी मापकास जोडून तारांवरील दाब, गळती व धारिता पाहतो. तार तुटली असल्यास धारितेवरून अंतर काढता येते. उदा., ०.०६ मायक्रोफॅराड एवढे मापन आल्यास दर किमी.स ०.०५ या हिशोबाने तार सु. १.२ किमी. अंतरावर तुटली असावी. वळसा पद्धती जेथे लंगडी पडते, तेथे ही पद्धती उपयोगी पडते. पुढे मुंबई-दिल्लीत व देशभर दूरध्वनीच्या तक्रारीसाठी १९८ हा क्रमांक रूढ झाला. त्यावर नोंदविलेल्या तक्रारीचा पहिला टप्पा असे परीक्षणच असे.

निरोधन तपासण्यासाठी सिडनी एव्हरशेड या ब्रिटिश अभियंत्यांनी हाताने फिरवावयाच्या जनित्रासह रोधमापक तयार केला. विसाव्या शतकाच्या आरंभी तो ‘मेगर’ या नावाने विकला जाऊ लागला व पुढे हे नाव त्या प्रकारच्या सर्वच मापकांना लागू झाले. साध्या मापकाच्या घटाचा दाब काही व्होल्टच असतो. ओलसर झालेले निरोधन अशा दाबास पुरेसे वाटले, तरी उच्च दाबाखाली त्यातून गळती होऊ लागते व ती मेगरने उघड होते. मात्र मेगर लावण्यापूर्वी तारेवरील सर्व उपकरणे काढून ठेवावी लागतात. अन्यथा परीक्षणानेच ती निकामी होण्याचा संभव असतो.

लाइनमनच्या हातातील साधने याहून साधी होती. चिमट्यांनी तारेस जोडावयाचा परीक्षण दूरध्वनी, शेकडो जोड्यांतून एक जोडी ओळखण्यासाठी तारेत सूर सोडणारे उपकरण व तो सूर दुरून ऐकणारी शोधकांडी ही त्यांतील प्रमुख होत. कॅबिनेट, वितरण पेटी आणि घर अशा प्रत्येक ठिकाणी मार्ग तोडून व ऐकून दोष कोणत्या भागात आहे ते ठरविण्याची त्यांची पद्धत साधी असली, तरी आजही ती निरुपयोगी झालेली नाही.

दोष कंपनीच्या मार्गात आहे की ग्राहकाच्या घरातील तारांत आहे, या प्रश्नास आर्थिक महत्त्वही आहे. कारण दुरुस्तीचा खर्च कोणी सोसावयाचा ते त्यावर ठरते. ब्रिटनमध्ये १९८१ पासून आलेल्या मुख्य खोबणीत (सॉकेटमध्ये) १.८ मायक्रोफॅराडचे धारित्र व ४७० किलोओहमचा रोधक बसविलेला असे. ग्राहकाचे सर्व दूरध्वनी काढून ठेवले, तरी केंद्रातील मापकास ही जोडणी दिसते. ती दिसली नाही, तर मुख्य खोबणीपर्यंतचाच मार्ग तुटलेला आहे हे कळते. पुढे आलेल्या खोबणीचा खालचा अर्धा भाग दोन स्क्रू काढून वेगळा करता येतो. असे केल्यावर घरातील सर्व फाटे सुटतात व आतील परीक्षण खोबण मोकळी होते. ग्राहकाच्या हाती आलेले हे बहुधा सर्वांत उपयुक्त दोषशोधक साधन होय, कारण त्याने कोणतेही मापन न करता दोषाची बाजू निश्चित होते.

प्रतिध्वनी पद्धती : १९२५ मध्ये ग्रेगरी ब्राइट व मर्ल ट्यूव्ह या अमेरिकन भौतिकीविज्ञांनी रेडिओ तरंगांचे स्पंद आकाशात पाठवून व परतीचा वेळ मोजून आयनांबराची उंची काढली. दुसऱ्या महायुद्धातील रडारने हे तंत्र परिपक्व झाले व युद्धोत्तर काळात ते तारांसाठीही वापरले जाऊ लागले. तारेत सोडलेला स्पंद जेथे तारेचा संरोध (प्रत्यावर्ती प्रवाहास होणारा एकूण विरोध) बदलतो, तेथून अंशतः परावर्तित होतो. तुटलेल्या ठिकाणाहून तो मूळ स्पंदाच्याच दिशेने उठलेला दिसतो व चिकटलेल्या तारांपासून उलटा दिसतो. ओल शिरलेला भाग पसरट खळगा दाखवितो. पॉलिएथिलीन निरोधनाच्या केबलीत स्पंदाचा वेग सेकंदास सु. २ लक्ष किमी. असतो, म्हणून १० मायक्रोसेकंदांनी आलेला प्रतिध्वनी १ किमी. अंतर दर्शवितो.

या पद्धतीत निर्दोष तारेची किंवा दूरच्या टोकास माणसाची गरज नसते. तथापि तिला स्वतःच्या मर्यादा आहेत. अरुंद स्पंद बारकावे दाखवितो, पण दूर पोहोचण्यापूर्वीच क्षीण होतो. रुंद स्पंद दूर जातो, पण २ मायक्रोसेकंद रुंदीच्या स्पंदामुळे पहिल्या सु. २०० मी. मधील दोष झाकले जातात. वेगाचे मूल्य ५ टक्क्यांनी चुकले, तर १ किमी.वरील दोष ५० मी. पुढे-मागे दाखविला जातो आणि रस्ता भलत्याच ठिकाणी खणला जातो. शिवाय हजारो ओहमांची गळती संरोधाच्या मानाने नगण्य असल्याने प्रतिध्वनीत जवळजवळ उमटत नाही. असा दोष जुन्या सेतूनेच सापडतो.

ब्रॉडबँडचा काळ : मानवी संभाषणास सु. ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच कंप्रता पट्टा पुरतो. त्यावरील कंप्रता जुन्या तारांतूनच माहितीवहनासाठी वापरण्याच्या कल्पनेस अमेरिकेतील बेलकोर संस्थेतील जोसेफ लेक्लायडर यांनी १९८० नंतरच्या दशकात चालना दिली. घरात येणारी माहिती अधिक व जाणारी कमी, असा असमान विभाग करण्याची सूचना त्यांची होती. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन सिऑफी यांनी पट्ट्याचे अनेक अरुंद उपमार्ग पाडण्याची पद्धती विकसित केली. आंतरराष्ट्रीय दूरसंदेशवहन संघाच्या १९९९ च्या मानकानुसार एडीएसएल पद्धतीत ४.३१२५ किलोहर्ट्झ अंतरावर २५६ उपमार्ग असून पट्टा सु. १,१०० किलोहर्ट्झपर्यंत जातो. २००३ मध्ये मान्य झालेल्या एडीएसएल २+ पद्धतीत तो दुप्पट झाला. ब्रिटनमध्ये ही सेवा २००० मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाली. भारतात २००४ च्या ब्रॉडबँड धोरणानंतर २००५ मध्ये महानगर टेलिफोन निगम लि. या कंपनीने मुंबई व दिल्ली येथे आणि भारत संचार निगम लि. या कंपनीने इतरत्र ती दूरध्वनीच्या तारांवरून देण्यास प्रारंभ केला.

संभाषणाच्या मानाने शेकडो पट उच्च कंप्रता वाहू लागताच तारेतील गुणदोषांचे गणित बदलले. १९०० च्या सुमारास मायकेल प्यूपिन यांच्या संशोधनामुळे लांब मार्गांत ठराविक अंतरावर प्रवर्तक वेटोळी बसविण्याची प्रथा पडली होती. त्यांनी आवाज सुधारला, पण सु. ४ किलोहर्ट्झवरील सर्व संकेत अडविले. एके काळचा उपाय आता दोष ठरला व ही वेटोळी हुडकून काढावी लागली. घरातील किंवा रस्त्यावरील निरुपयोगी फाटाही असाच उपद्रवी ठरला. फाट्याच्या टोकाहून परतलेला तरंग मुख्य तरंगास छेद देतो व फाट्याची लांबी तरंगलांबीच्या चतुर्थांशाएवढी असेल, तेथे संकेत जवळजवळ नाहीसा होतो. ५० मी. लांबीच्या फाट्यासाठी ही कंप्रता १,००० किलोहर्ट्झ, म्हणजे नेमकी ब्रॉडबँडच्या पट्ट्यात येते. दूरध्वनीवरील आवाजात मात्र या फाट्याचा मागमूसही लागत नाही.

गंजलेला सांधा हा या काळातील सर्वांत फसवा दोष होय. ३ किमी. लांबीच्या जोडीचा रोध सु. ५०४ ओहम असतो. एका तारेतील सांध्याने त्यात ५० ओहमांची भर घातली, तर एकूण रोध सु. १० टक्क्यांनी वाढतो. परंतु तांब्याचा रोध दर अंश सेल्सियसला सु. ०.४ टक्के वाढत असल्याने २५° से.च्या तापमानवाढीनेही तेवढाच फरक पडतो. त्यामुळे केवळ एकूण रोध मोजून या दोषाचा निर्णय करता येत नाही. दोन तारांचे रोध स्वतंत्रपणे मोजून त्यांची तुलना केल्यास मात्र तो उघड होतो, कारण तापमानाचा परिणाम दोन्ही तारांवर सारखाच झालेला असतो. आणखी अडचण अशी की, सांध्यावरील ऑक्साइडाचा पातळ थर केंद्राच्या सु. ५० व्होल्ट दाबाने किंवा घंटीच्या प्रवाहाने काही काळ भेदला जातो. ग्राहकाची सेवा बंद असते. तंत्रज्ञ येऊन दूरध्वनी उचलतो किंवा उच्च दाबाचे परीक्षण करतो आणि त्या क्रियेनेच सांधा तात्पुरता बरा होतो. नोंदवहीत ‘दोष आढळला नाही’ असा शेरा पडतो व काही दिवसांनी तीच तक्रार पुन्हा येते. तांब्याच्या वाढत्या किंमतीमुळे १९७० च्या आसपास ब्रिटनमध्ये काही ठिकाणी ॲल्युमिनियमाच्या तारा घातल्या गेल्या होत्या. त्यांच्या सांध्यांत हा त्रास विशेष जाणवला.

बाहेरून येणारा गोंगाट हा आणखी एक प्रकार होय. सदोष वीजपुरवठा संच, दिवे किंवा यंत्रे यांतून निघणारे पुनरावर्ती आवेग मध्यम तरंग पट्ट्यात पसरतात व एडीएसएलचा पट्टा त्याच भागात असतो. अशा उगमाच्या शोधासाठी मध्यम तरंगांचा साधा खिशात मावणारा रेडिओ संच स्थानक नसलेल्या जागी लावून घरात फिरविणे, ही पद्धती ब्रिटनमध्ये चांगलीच रूढ झाली. गुरगुर जेथे सर्वाधिक, तेथे उगम असतो. या कामी महाग तारमापक असमर्थ ठरतात, कारण मुळात तार निर्दोष असते.

मोडेम हेच मापनयंत्र : ब्रॉडबँडच्या प्रत्येक जोडणीत मोडेम प्रारंभी सर्व उपमार्गांचे परीक्षण करतो व प्रत्येकावर किती माहिती पाठवावयाची ते ठरवितो. त्यामुळे मार्गाचे क्षीणन, संकेत व गोंगाट यांमधील शिल्लक अंतर, माहितीतील चुकांची संख्या व जोडणी तुटण्याच्या वेळा ही माहिती ग्राहकाच्या घरीच उपलब्ध होते. शिल्लक अंतर बहुधा ६ डेसिबेल राखले जाते. ते दिवसा स्थिर व रात्री घसरत असेल, तर बाह्य गोंगाटाचा संशय येतो. घंटी वाजताच जोडणी तुटत असेल, तर सांधा किंवा गाळणी (संभाषण व माहिती यांचे पट्टे वेगळे करणारा भाग) यांकडे लक्ष जाते. उपमार्गांच्या आलेखात एका जागी खोल खाच असेल, तर फाट्याचा संशय घेता येतो.

एडीएसएल २ च्या २००२ मधील मानकात दोन्ही टोकांनी मिळून मार्गाचे निदान करण्याची सोय समाविष्ट झाली. तथापि तिच्यासाठी दोन्ही टोकांची उपकरणे चालू असून परस्परांस ऐकू येणे आवश्यक असते. मार्ग पूर्ण मृत झाला असल्यास ही सोय निरुपयोगी ठरते. ही उणीव भरून काढणाऱ्या केवळ एका टोकाकडून करावयाच्या मापनांसाठी २००९ मध्ये जी.९९६.२ हे मानक आले. त्यात प्रतिध्वनी पद्धतीबरोबरच रोध, धारिता व परकी दाब यांची मापनेही आहेत. टेस्ट डेस्कवर जी मूल्ये एके काळी काट्याच्या मापकावर वाचली जात, तीच केंद्रातील ब्रॉडबँड उपकरणाकडून पुन्हा मागविण्यात आली.

साधनाची निवड : वरील इतिहासावरून घरगुती मार्गाच्या दोषशोधनात साधने कोणत्या क्रमाने वापरावीत हे स्पष्ट होते. प्रथम काही दिवसांच्या मोडेम नोंदी जमवितात, कारण मधूनमधून येणारा दोष एका भेटीत क्वचितच भेटतो. नंतर घरातील सर्व फाटे सोडवून मोडेम मुख्य खोबणीस जोडतात. सेवा सुधारली, तर दोष घरातच आहे. त्यानंतर दूरध्वनीवर शांतता ऐकतात. ब्रिटिश टेलिकॉमच्या मार्गांवर यासाठी १७०७० या क्रमांकावर शांत मार्ग चाचणीची सोय होती. खरखर ऐकू आल्यास सांधा किंवा ओल यांचा तर्क करता येतो. मात्र खरखर नसणे हा निर्दोषतेचा पुरावा नव्हे. यापुढील पायऱ्या तंत्रज्ञाच्या असतात. बहुमापकाने परका दाब व दोन तारांचे रोध, मेगरने गळती, गळती आढळल्यास सेतूने तिचे अंतर, तुटणे, चिकटणे व फाटे यांसाठी प्रतिध्वनी मापक, आणि तार निर्दोष ठरल्यास रेडिओ संच, अशी विभागणी उपयुक्त ठरते. उच्च दाबाची परीक्षणे शेवटी ठेवणे इष्ट असते, कारण ती दोषाचे स्वरूपच तात्पुरते बदलू शकतात.

एकाच महागड्या यंत्राने सर्व दोष सापडतील, ही अपेक्षा अनुभवास उतरलेली नाही. दोन भिन्न तत्त्वांवरील साधनांचे निष्कर्ष जुळले, तर दोषाचे स्थान बहुधा निश्चित होते. ते जुळले नाहीत, तर एखादे साधन त्या दोषाच्या बाबतीत आंधळे आहे, असे समजून पुढील साधनाकडे वळावे लागते.

सद्यःस्थिती : प्रकाशकीय तंतूंच्या प्रसारामुळे तांब्याच्या मार्गांचे महत्त्व झपाट्याने कमी होत आहे. ब्रिटनमधील जुनी दूरध्वनी सेवा जानेवारी २०२७ अखेर बंद करण्याचे नियोजन २०२४ मध्ये जाहीर झाले. भारतातील तारायंत्र सेवा जुलै २०१३ मध्येच संपुष्टात आली. प्रकाशकीय तंतूस गंज चढत नाही व ट्राम किंवा दिवे यांचा गोंगाट त्याला बाधत नाही. पण तो वाकतो, तुटतो व त्याच्या सांध्यातही संकेत हरवतो. त्याच्या दोषांचे अंतरही स्पंद पाठवून व परत येणारा प्रकाश मोजूनच काढतात. तांब्याचा मार्ग जेथे अजून घरापर्यंत जातो, तेथे तो बहुधा जुना, दुर्लक्षित व दुरुस्तीच्या यादीत शेवटी असतो. अशा घरातील ग्राहकास बरेचदा पर्यायी सेवा नसते. त्याच्या तक्रारीवरील ‘दोष आढळला नाही’ हा शेरा अंतिम मानावयाचा की कोणत्या साधनाने आढळला नाही हे विचारावयाचे, यावर त्याची सेवा पूर्ववत होणे अवलंबून राहते.